जखमी क्वार्टरबॅकचा सौदा : दुखापत, किंमत आणि जोखमीची वाटणी

मार्च २००६मध्ये अमेरिकेतील मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक फुटबॉल संघापुढे दोन नावे होती. दोन्ही खेळाडू क्वार्टरबॅक, दोघेही नामवंत आणि दोघेही जखमी. डॉन्टे कलपेपरच्या उजव्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध आदल्या ऑक्टोबरात तुटले होते, तर ड्रू ब्रीजचा चेंडू फेकण्याचा उजवा खांदा वर्षअखेरच्या सामन्यात निखळला होता. डॉल्फिन्सनी गुडघा निवडला आणि कलपेपरसाठी मिनेसोटा व्हायकिंग्जला दुसऱ्या फेरीतील ड्राफ्ट निवड देऊन सौदा केला. ब्रीज न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला. कलपेपर मायामीसाठी केवळ चार सामने खेळला. ब्रीजने चार वर्षांनी सेंट्सना विजेतेपद मिळवून दिले आणि तो अंतिम सामना मायामीच्याच घरच्या मैदानावर झाला.

अमेरिकी क्रीडाविश्वात हा प्रसंग फसलेल्या निर्णयाचे ठळक उदाहरण म्हणून सांगितला जातो. मात्र ‘चुकीचा खेळाडू निवडला’ एवढाच त्याचा अर्थ लावला, तर त्यातून फारसे काही हाती लागत नाही. जखमी आणि अनुभवी क्वार्टरबॅक घेताना ‘तो बरा होईल का’ हा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारला जातो, परंतु त्याचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नसते. ‘तो बरा झाला नाही तर नुकसान कोणाचे आणि किती’ या प्रश्नाचे उत्तर मात्र करार करतानाच ठरवता येते. गेल्या तीन दशकांतील प्रमुख सौद्यांकडे पाहिल्यास शहाणपणाचा आणि भाबडेपणाचा व्यवहार यांतील फरक बहुधा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडतो.

खेळ आणि क्वार्टरबॅकचे स्थान

गोव्यात फुटबॉल म्हटले की फातोर्ड्याचे मैदान आणि पायाने खेळला जाणारा चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी फुटबॉल हा त्याहून सर्वस्वी वेगळा खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यायचा असतो. एका वेळी प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू मैदानात असतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेप घेऊन खाली पाडणे नियमात बसते. नॅशनल फुटबॉल लीग, अर्थात एनएफएल, ही या खेळाची सर्वोच्च स्पर्धा असून तिच्यात ३२ संघ आहेत. २०२१पासून प्रत्येक संघ साखळी फेरीत १७ सामने खेळतो. त्यानंतरच्या बाद फेरीचा शेवट ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्याने होतो.

आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती सोपवायचा की स्वतःच घेऊन धावायचे, हा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो आणि त्याच वेळी शंभर किलोंहून अधिक वजनाचे बचावपटू त्याच्या दिशेने झेपावत असतात. या जागेवर चांगला खेळाडू नसेल, तर संघ इतर बाबतींत कितीही सरस असला तरी तो सहसा फार पुढे जात नाही. अशा खेळाडूंची संख्या मात्र ३२ संघांना पुरेल एवढी कधीच नसते. या टंचाईमुळेच वय झालेला, दुखावलेला, परंतु एके काळी श्रेष्ठ ठरलेला क्वार्टरबॅक बाजारात आला की त्याला गिऱ्हाईक मिळते.

अदलाबदलीची रीत

आपल्या परिचयाच्या फुटबॉलमध्ये एक क्लब दुसऱ्या क्लबला हस्तांतराची रक्कम देतो आणि खेळाडू नव्या क्लबशी स्वतंत्र करार करतो. एनएफएलमध्ये अशा रोख हस्तांतराची प्रथा नाही. तेथे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ‘ड्राफ्ट निवड’ दिली जाते. दरवर्षी विद्यापीठीय फुटबॉलमधील उदयोन्मुख खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते आणि प्रत्येक फेरीत संघांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या फेरीतील निवड ही संघाची सर्वांत मौल्यवान ठेव समजली जाते, कारण तिच्यातून मिळणारा तरुण खेळाडू चार-पाच वर्षे तुलनेने माफक वेतनावर उपलब्ध असतो. वय झालेल्या क्वार्टरबॅकसाठी अशी निवड देणे म्हणजे उद्याचे बियाणे आजच्या जेवणासाठी दळणे होय.

दुसरे बंधन वेतनमर्यादेचे आहे. १९९४पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. २००६मध्ये ती १० कोटी २० लाख डॉलर होती आणि २०२४मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलरवर पोहोचली. करारावर सही करताना दिलेली आगाऊ रक्कम हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून दाखवता येते. खेळाडू मध्येच संघाबाहेर गेला, तर तिचा उरलेला भाग संघाच्या मर्यादेत ‘मृत रक्कम’ म्हणून मोजला जातो. खेळाडूची अदलाबदल झाल्यास पूर्वी दिलेल्या आगाऊ रकमेचा हा बोजा जुन्या संघाकडे राहतो, तर पुढील वेतन नवा संघ देतो. त्यामुळे जखमी खेळाडूच्या सौद्यात तीन किमती एकाच वेळी मोजाव्या लागतात : दिलेली ड्राफ्ट निवड, हमी दिलेले वेतन आणि त्या वेतनामुळे संघात घेता न आलेले इतर खेळाडू.

दुखापत कोणती, खेळ कोणता

‘जखमी’ हा एकच शब्द अनेक निरनिराळ्या अवस्थांसाठी वापरला जातो. गुडघ्याचा पुढील अस्थिबंध तुटल्यास शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास साधारण नऊ महिने ते एक वर्ष लागते. टाचेचा स्नायुबंध, म्हणजे अकिलिस, तुटल्यासही जवळपास तेवढाच काळ जातो. चेंडू फेकणाऱ्या हाताचा खांदा किंवा कोपर दुखावल्यास हाडे आणि स्नायू सांधले जातात, परंतु फेकीतील वेग आणि अचूकता परत आली की नाही हे प्रत्यक्ष फेकल्याशिवाय कळत नाही. मानेतील मज्जातंतू दबल्यास हाताची शक्तीच क्षीण होते आणि ती केव्हा परतेल याचे वेळापत्रक देता येत नाही. मेंदूला बसलेला हादरा तर बाहेरून दिसतही नाही, आणि पहिल्या हादऱ्यानंतर दुसऱ्याची शक्यता व गांभीर्य दोन्ही वाढतात.

दुखापतीइतकाच महत्त्वाचा असतो तो खेळाडूचा खेळण्याचा ढंग. मायामीच्या निर्णयातील गफलत येथे स्पष्ट दिसते. चेंडू फेकणाऱ्याचा खांदा त्याच्या गुडघ्यापेक्षा मोलाचा, हे सर्वसाधारण अनुमान चुकीचे नव्हते. ब्रीजच्या खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चा फाटली होती आणि मायामीच्या डॉक्टरांनी त्याबद्दल शंका व्यक्त केली होती. कलपेपर मात्र केवळ फेकीवर जगणारा खेळाडू नव्हता. २००४मध्ये त्याने ४,७१७ यार्ड आणि ३९ टचडाउन फेकी नोंदवल्या, त्यामागे त्याचा धिप्पाड देह आणि पायांची चपळाई होती. अंगावर येणाऱ्यांना झटकून, जागा बदलून फेकणे ही त्याची खासियत होती. त्याच्यासाठी गुडघा दुय्यम अवयव नव्हताच. ब्रीजचा खेळ अचूकता, पूर्वतयारी आणि क्षणात घेतलेल्या निर्णयांवर उभा होता. खांदा पुरेसा बरा झाला, तर त्याचे बाकीचे भांडवल शाबूत होते.

तिसरी बाब म्हणजे खेळाडूला मिळणारे संरक्षण. कलपेपरला दुखापत ३० ऑक्टोबर २००५ रोजी झाली आणि मायामीने त्याला सप्टेंबर २००६च्या पहिल्याच सामन्यात उतरवले. मधला काळ जेमतेम दहा महिन्यांचा होता. त्या मोसमातील चार सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी त्याला फेकीपूर्वी २१ वेळा खाली पाडले. समोरची संरक्षक फळी दुबळी असेल, तर अर्धवट बरा झालेला पाय तेथे उभा करण्यात अर्थ नसतो. चारपैकी तीन सामने हरल्यावर तो संघाबाहेर बसला आणि पुढल्या जुलैत त्याला मुक्त करण्यात आले.

विकणाऱ्याची माहिती

कोणत्याही जुन्या वस्तूच्या बाजारात विकणाऱ्याला वस्तूबद्दल घेणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. जखमी खेळाडूच्या बाबतीत ही विषमता तीव्र असते. ज्या संघाने त्याच्यावर उपचार केले, रोजचा सराव पाहिला, सामन्यानंतर सांधे किती सुजतात याची नोंद ठेवली, तोच संघ त्याला सोडण्यास तयार का झाला, हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला विचारावाच लागतो. उत्तर नेहमी संशयास्पद नसते. कधी दुसरा तरुण खेळाडू तयार झालेला असतो, कधी वेतन परवडत नाही. पण कारण समजल्याशिवाय किंमत ठरवणे म्हणजे अंधारात बोली लावणे.

या विषमतेवरचा उपाय म्हणजे वैद्यकीय तपासणीची अट. एनएफएलमधील अदलाबदल सामान्यतः नव्या संघाच्या डॉक्टरांनी खेळाडूला तंदुरुस्त ठरवल्यावर पक्की होते. तपासणीत तो उतरला नाही, तर सौदा रद्द होऊ शकतो. जिमी गारोपोलोचे उदाहरण या अटीचा धाक दाखवते. २०२२मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स त्याची अदलाबदल करू पाहत होते, परंतु मार्चमध्ये त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि बाजार थंडावला. अखेर तो कमी वेतनाच्या सुधारित करारावर त्याच संघात राहिला. सप्टेंबरमध्ये त्याच्या जागी नेमलेल्या ट्रे लान्सचा घोटा मोडला, तेव्हा गारोपोलोच पुन्हा संघाचा आधार बनला. डिसेंबरमध्ये त्याचेही पाऊल मोडले. पुढल्या वर्षी लास व्हेगास रेडर्सनी त्याला घेतले ते पायाच्या दुखापतीसंबंधी खास कलम करारात घालून. त्या दुखापतीमुळे तो अपात्र ठरला असता, तर संघावर आर्थिक दायित्व राहिले नसते.

स्वस्त सौद्याचे गणित

कलपेपरला सोडणाऱ्या मायामीने त्याच उन्हाळ्यात आणखी एक जखमी अनुभवी क्वार्टरबॅक घेतला. कॅन्सस सिटी चीफ्सच्या ट्रेंट ग्रीनला २००६च्या पहिल्याच सामन्यात डोक्याला गंभीर इजा झाली होती आणि तो अनेक आठवडे खेळू शकला नव्हता. जून २००७मध्ये, सदतिसावे वर्ष पूर्ण होत असताना, मायामीने त्याला पाचव्या फेरीतील सशर्त निवडीच्या बदल्यात घेतले. कागदावर किंमत नगण्य होती. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध खेळताना त्याच्या डोक्याला पुन्हा मार बसला, त्याला मैदानातून गाडीवरून न्यावे लागले आणि त्याचा मोसम तेथेच संपला. मायामीने त्या वर्षी १६पैकी केवळ एक सामना जिंकला.

या प्रकरणातून किमतीबद्दलचा एक गैरसमज दूर होतो. ड्राफ्ट निवड स्वस्त असली म्हणून सौदा स्वस्त ठरत नाही. संघ ज्या जागेवर पूर्णपणे विसंबतो, ती जागा ठिसूळ आधारावर उभी केली आणि खाली दुसरा आधार ठेवला नाही, तर खरी किंमत हरलेल्या सामन्यांत मोजली जाते. शिवाय येथे धोका गुडघ्याचा किंवा खांद्याचा नव्हता, मेंदूचा होता. तो केवळ क्रीडानिर्णय उरत नाही.

मोन्टॅना : मर्यादित अपेक्षेचा सौदा

प्रत्येक जखमी क्वार्टरबॅक तोट्यातच जातो असे मात्र नाही. फोर्टीनायनर्सना चार सुपर बोल जिंकून देणारा जो मोन्टॅना कोपराच्या दुखापतीमुळे १९९१चा संपूर्ण मोसम आणि १९९२चा जवळजवळ सर्व मोसम बाहेर होता. दरम्यान स्टीव्ह यंगने त्याची जागा घेतली आणि १९९२मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू हा मान मिळवला. विकणाऱ्याचे कारण येथे उघड होते. एप्रिल १९९३मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी पहिल्या फेरीतील निवड देऊन मोन्टॅनाला घेतले. त्याच्यासोबत बचावपटू डेव्हिड व्हिटमोर आणि पुढील वर्षीची तिसऱ्या फेरीतील निवडही मिळवली.

तो ३६ वर्षांचा होता. त्या मोसमात किरकोळ दुखापतींमुळे त्याचे काही सामने हुकले. तरी चीफ्सनी ११ सामने जिंकले, बाद फेरीत पिट्सबर्ग आणि ह्यूस्टन यांना हरवले आणि ते विभागीय अंतिम सामन्यात पोहोचले. तेथे बफेलो बिल्सनी त्यांना ३०-१३ असे पराभूत केले. डोक्याला मार लागल्याने मोन्टॅनाला सामना अर्धवट सोडावा लागला. आणखी एक मोसम खेळून १९९५मध्ये तो निवृत्त झाला. सुपर बोल मिळाला नाही, पण विभागीय अंतिम सामन्यात परतण्यासाठी चीफ्सना त्यानंतर जानेवारी २०१९पर्यंत वाट पाहावी लागली.

या सौद्याचे यश त्याच्या नेमक्या अपेक्षेत होते. चीफ्सचा बचाव आधीच भक्कम होता आणि संघ बाद फेरीत नियमित जात होता; दोन वर्षांसाठी एक पायरी वर चढवणारा माणूस त्यांना हवा होता. दहा वर्षांचा पाया घालण्यासाठी ३६ वर्षांच्या जखमी खेळाडूला घेतले असते, तर तोच सौदा अविचार ठरला असता.

घाईची किंमत

अनेक सौदे शांतपणे होत नाहीत. ३० ऑगस्ट २०१६ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जचा तरुण क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर सरावात कोसळला आणि त्याचा गुडघा निखळला. मोसम सुरू होण्यास दोन आठवडेही उरले नव्हते. चारच दिवसांत व्हायकिंग्जनी फिलाडेल्फिया ईगल्सला २०१७ची पहिल्या फेरीतील निवड आणि २०१८ची चौथ्या फेरीतील सशर्त निवड देऊन सॅम ब्रॅडफर्डला घेतले. ब्रॅडफर्ड त्या वेळी तंदुरुस्त होता, परंतु त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध २०१३ आणि २०१४ अशा लागोपाठ दोन वर्षांत तुटला होता.

पहिल्या वर्षी त्याने उत्तम खेळ केला आणि ७१.६ टक्के अचूकतेचा तत्कालीन विक्रम नोंदवला. संघ मात्र आठ विजय आणि आठ पराभवांवर थांबला. २०१७मध्ये पहिल्या सामन्यानंतरच गुडघा पुन्हा दुखू लागला आणि तो मोसमात केवळ दोन सामने खेळला. ईगल्सनी मिळालेल्या निवडीतून डेरेक बार्नेट या बचावपटूला घेतले. त्याच मोसमाच्या अखेरच्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या हातून निसटलेला निर्णायक चेंडू बार्नेटने पकडला आणि ईगल्सनी विजेतेपद मिळवले.

व्हायकिंग्जपुढे पर्याय थोडे होते, हे खरे. तरीही ज्याची गरज सर्वांना दिसते, त्याला बाजारात सवलत मिळत नाही. विकणाऱ्याला घेणाऱ्याची अगतिकता ठाऊक असल्याने दुखापतीच्या इतिहासाबद्दल किमतीत जी सूट मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. म्हणूनच भरवशाचा राखीव क्वार्टरबॅक बाळगणे हे जखमी खेळाडूच्या सौद्याशी थेट निगडित असते. ज्याच्याकडे दुसरा पर्याय असतो, त्यालाच ‘नको’ म्हणता येते.

अटींनी वाटलेली जोखीम

अलीकडच्या काळात संघ या अनिश्चिततेला करारातून उत्तर देऊ लागले आहेत. मार्ग मुख्यतः दोन : सशर्त ड्राफ्ट निवड आणि टप्प्याटप्प्याने पक्की होणारी वेतनहमी.

पहिल्या मार्गाचे गाजलेले उदाहरण ॲरन रॉजर्सचे आहे. एप्रिल २०२३मध्ये न्यूयॉर्क जेट्सनी त्याला ग्रीन बे पॅकर्सकडून घेतले. तो जखमी नव्हता, पण ३९ वर्षांचा होता. २०२३च्या काही निवडींच्या देवघेवीबरोबरच जेट्सनी २०२४ची दुसऱ्या फेरीतील निवड द्यायची असे ठरले आणि रॉजर्स मोसमातील ६५ टक्के चालींत खेळला, तरच ती पहिल्या फेरीची होणार होती. ११ सप्टेंबर २०२३ रोजी पहिल्याच सामन्यातील त्याच्या चौथ्या चालीत त्याच्या डाव्या टाचेचा स्नायुबंध तुटला. जेट्सचा मोसम कोसळला, मात्र पहिल्या फेरीतील निवड वाचली. अटीने दुखापत टळली नाही, पण नुकसानीचा एक वाटा विकणाऱ्याकडे गेला. वेतनाचा भार मात्र जेट्सकडेच राहिला. २०२४मध्ये रॉजर्स सर्व १७ सामने खेळूनही संघाला पाचच विजय मिळाले आणि पुढील वर्षी तो संघातून गेला.

दुसऱ्या मार्गाचा आदर्श म्हणून पेटन मॅनिंगच्या कराराकडे पाहता येते. तो अदलाबदलीचा सौदा नव्हता. मानेवरील शस्त्रक्रियांमुळे २०११चा पूर्ण मोसम हुकल्यावर इंडियानापोलिस कोल्ट्सनी मार्च २०१२मध्ये २ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस देय होण्यापूर्वी त्याला मुक्त केले. तो तेव्हा ३५ वर्षांचा होता. डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याच्याशी पाच वर्षांचा ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला, परंतु निःसंशय हमी फक्त पहिल्या वर्षाच्या १ कोटी ८० लाखांची होती. पुढल्या दोन वर्षांची रक्कम मानेची तपासणी समाधानकारक ठरल्यावर पक्की होणार होती. मान टिकली. २०१३मध्ये मॅनिंगने ५५ टचडाउन फेकींचा विक्रम केला आणि फेब्रुवारी २०१६मध्ये ब्रॉन्कोजने सुपर बोल जिंकला. मान टिकली नसती, तर ब्रॉन्कोजचे नुकसान प्रामुख्याने एका वर्षापुरते राहिले असते. या करारात डॉक्टरांच्या अंदाजावर सर्वस्व पणाला लावलेले नव्हते.

२००६मध्ये मायामीपुढे असा मध्यममार्ग होता. ब्रीजसाठी कोणतीही ड्राफ्ट निवड द्यावी लागणार नव्हती. तो मुक्त खेळाडू होता आणि सेंट्सनी त्याला सहा वर्षांसाठी सहा कोटी डॉलरचा करार दिला. कलपेपरसाठी मात्र मायामीने निवडही दिली आणि वेतनही. दोन्ही अनिश्चितच होते, तेव्हा ज्याची किंमत एकाच नाण्यात मोजायची होती, त्याच्याशी अटींची बोलणी करणे हे शक्य असलेले उत्तर होते.

निरोगी म्हणजे निर्धोक नव्हे

दुखापतीच्या इतिहासाला अवास्तव महत्त्व देण्याचाही धोका असतो. २०१८मध्ये वॉशिंग्टनने कॅन्सस सिटीकडून ॲलेक्स स्मिथला घेतले, तेव्हा तो ३३ वर्षांचा आणि तंदुरुस्त होता. त्याला चार वर्षांसाठी ९ कोटी ४० लाख डॉलरची मुदतवाढ दिली गेली. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली, जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि पाय वाचवण्यासाठी, किंबहुना जीव वाचवण्यासाठी, १७ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्या सामन्यापूर्वी सहा विजय आणि तीन पराभव अशा स्थितीत असलेला संघ मोसमाअखेर सात विजयांवरच राहिला. ऑक्टोबर २०२०मध्ये स्मिथ पुन्हा मैदानात उतरला, ही वैद्यकशास्त्राची आणि त्याच्या जिद्दीची कहाणी आहे; परंतु संघाच्या हिशेबात दोन वर्षे त्याचे वेतन खेळाविना जात होते.

याचा अर्थ असा की प्रश्न ‘जखमी की निरोगी’ असा दोन कप्प्यांचा नसतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक क्वार्टरबॅकमध्ये दुखापतीची शक्यता असते. पूर्वीची दुखापत ती वाढवते आणि उघड करते. उघड झालेल्या जोखमीवर किमान घासाघीस तरी करता येते.

खेळाडूची बाजू

या सर्व हिशेबात खेळाडू हा केवळ माल नसतो. करारात अदलाबदलीला नकार देण्याचे कलम नसेल, तर त्याला कोठे पाठवले जाईल यावर त्याचे फारसे नियंत्रण राहत नाही. एनएफएलमधील करार आपोआप पूर्ण हमीचे नसतात. हमी नसलेली वर्षे संघ कधीही संपवू शकतो. त्यामुळे संघ ज्या अटींना विवेक म्हणतो, त्याच अटींमुळे खेळाडूवर दुखणे लपवण्याचा, लवकर परतण्याचा दबाव येतो. ज्या निवडीचे मूल्य खेळलेल्या चालींच्या टक्केवारीवर ठरते, तिच्यामुळे संघाला प्रसंगी त्याला बाहेर बसवण्याचा मोहही होऊ शकतो. म्हणून वैद्यकीय निर्णय संघाच्या व्यवहारापासून दूर ठेवणे आणि खेळाडूला स्वतःच्या पसंतीच्या डॉक्टरचे दुसरे मत घेता येणे यांना महत्त्व आहे. ब्रीजच्या खांद्यावर जानेवारी २००६मध्ये अलाबामातील विख्यात शल्यविशारद जेम्स अँड्र्यूज यांनी शस्त्रक्रिया केली होती. तोच खांदा एका संघाच्या डॉक्टरांना संशयास्पद वाटला आणि दुसऱ्या संघाला स्वीकारार्ह वाटला.

निर्णयाचे मोजमाप

अशा सौद्यांची चर्चा बहुधा निकालानंतर होते आणि निकाल कळल्यावर प्रत्येकजण द्रष्टा होतो. सेंट्सनी २०१०च्या फेब्रुवारीत इंडियानापोलिसला ३१-१७ असे हरवले, म्हणून ब्रीजबद्दलची शंका मूर्खपणाची ठरत नाही. शस्त्रक्रियेला दोन-अडीच महिने झालेल्या खांद्याबद्दल २००६मध्ये शंका घेणे रास्तच होते. त्याचप्रमाणे रॉजर्स चौथ्या चालीत कोसळला म्हणून जेट्सच्या अटी निरर्थक ठरत नाहीत. उलट त्याच दिवशी त्यांचे मोल दिसले.

निर्णय घेताना संघाने स्वतःला विचारायचे प्रश्न त्यामुळे मोजकेच उरतात. दुखावलेला अवयव या खेळाडूच्या खेळाचा कणा आहे की आधार? जुना संघ त्याला का सोडत आहे? आपल्या संरक्षक फळीमागे तो सुरक्षित राहील का? आपण एक-दोन वर्षांच्या विजयासाठी घेत आहोत की दीर्घ उभारणीसाठी? तो खेळू शकला नाही, तर त्याची जागा कोण घेईल? आणि शेवटी, निवड आणि वेतन यांपैकी किती भाग तो प्रत्यक्ष खेळल्यावरच द्यावा लागेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘सर्व काही आधीच दिले’ असे असेल, तर बाकीच्या उत्तरांमध्ये चुकीला जागा उरत नाही. मायामीने २००६मध्ये नेमके तेच केले. गुडघ्याबद्दलचा अंदाज चुकला, तो कोणाचाही चुकू शकतो. पण तो चुकल्यावर सावरण्यासाठी मायामीच्या करारात काहीच राखून ठेवलेले नव्हते.